तारीख अजून यायची आहे

अण्णा,

परवा सकाळी तुमचा तिथीचा प्रोग्राम माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर चालवून बघितला. लॅपटॉपनं जरासा विचार केला आणि एक निळी चौकट दाखवली. हा प्रोग्राम या मशीनवर चालू शकत नाही. चालेल अशी आवृत्ती हवी असल्यास बनवणाऱ्याशी संपर्क साधा.

म्हणून हे लिहितोय.

मेधा मागे उभी होती, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून. "काय म्हणतोय?" तिनं विचारलं. मी चौकट पटकन बंद केली आणि म्हटलं, "काही नाही गं, जुना आहे म्हणतोय." तुमचं तेरावं नुकतंच झालेलं. बापाशी संपर्क साधा असं सांगणारी ती चौकट तुमच्या लेकीला दाखवायचं धाडस मला झालं नाही.

हे सगळं अक्कांमुळे सुरू झालं. (त्यांना मी एकदाच 'सासूबाई' म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "ती या अख्ख्या क्रॉसची, गल्लीची अक्का आहे, भाजीवालासुद्धा अक्काच म्हणतो. तुम्ही काय वेगळे लागून गेलात?") तेराव्याला जेवणं झाल्यावर व्हरांड्यात वाद पेटला. तुम्ही गेलात त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात पंचमी होती. गुरुजी म्हणत होते षष्ठी धरा. मेधाच्या चुलतभावानं फॅमिली ग्रुपवर आधीच पंचमी टाकून दिली होती आणि त्यावर हात जोडलेली चित्रं येऊन पडली होती. एकदा हात जोडून झाल्यावर तिथी बदलायची कशी, असा त्याचा मुद्दा होता. गलका वाढला तशा अक्का आतून आल्या, पदराला हात पुसत.

"ह्यांनी सगळ्यांची तिथी मशीनवर काढली. ह्यांची पण मशीनवरच निघेल. तोवर कोणी काही धरू नका."

"पण अक्का, ते मशीन चालवणार कोण?"

"सुहास काढेल," अक्का म्हणाल्या आणि ताटं उचलायला गेल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आदल्याच दिवशी मी मेधाशेजारी बसून तुम्हाला पाणी सोडताना अंगठ्याकडून सोडायचं ते बोटांवरून सोडलं होतं आणि गुरुजींनी माझा मनगटापासूनचा हात धरून फिरवला होता, लहान मुलाला गिरवायला शिकवतात तसा. त्या माणसाकडे आता तुमची तिथी काढायचं काम आलं होतं.

तुमचा माझ्याबद्दलचा गैरसमज अक्कांनी पुढे चालवला आहे, अण्णा, एवढंच मी म्हणेन. गैरसमज कुठे सुरू झाला ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. मी सांगलीहून आईला घेऊन मेधाला बघायला आलो होतो. बंगळूरला, यशवंतपूर स्टेशनवर उतरून रिक्षानं जे. पी. नगर गाठेपर्यंत शर्टाची इस्त्री गेली होती. पोहे यायच्या आत तुम्ही विचारलंत, "काय करता?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरमध्ये आहे." तुम्ही उठलात. "या," म्हणालात. मला वाटलं, मुलीशी बोलायला आतल्या खोलीत नेताय. आत मुलगी नव्हती. टेबलावर, अक्कांनी विणलेल्या क्रोशाच्या झाकणाखाली, तुमच्या कारखान्याच्या लिलावातून आणलेलं ते मशीन होतं. तुम्ही झाकण काढून ते चालू केलंत. पडद्यावर आलं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा.

"कीबोर्ड नाही म्हणतो, आणि वर बटण दाबा म्हणतो," तुम्ही म्हणालात. मग आवाज खाली आणून, "तुझी होणारी सासूपण असंच करते. माझ्याशी बोलू नका म्हणते, आणि गप्प बसलो की म्हणते, उत्तर द्या."

मी काहीही केलं नाही. मागची वायर काढली, परत घातली, मशीन बंद करून चालू केलं. ते चालू झालं. तुम्ही बाहेर येऊन अक्कांना म्हणालात, "सरी, आयतु. काम झालं. मुलगा चांगला आहे." झालं, ठरलं. मला मुलगी वायर नीट बसवल्याबद्दल मिळाली, हे मी आजवर ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. तिथे माझं काम काय आहे तेही मला अक्कांना कधी नीट सांगता आलं नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीत मी मीटिंगा घेतो. वायरी दुसरे कुणी बसवतात.

पुढे रविवारची सकाळ ही आपली झाली. एक गंमत तेव्हापासून लक्षात आहे. जेवायच्या पानावर मी 'तुम्ही' असायचो, जावईबापू असायचो. टेबलाखाली टॉर्च धरून आडवा झालो की लगेच 'तू'. "अरे उजेड माझ्या डोळ्यात नको, पोर्टवर पाड!" मला ते टेबलाखालचं 'तू' जास्त आवडायचं. तेही सांगायचं राहिलं.

आता तिथीबद्दल. तुमच्याशी मी कैक वर्षं भांडलो, पण तुम्ही नेमकं काय करायचात ते मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं. निपाणी, बेळगाव, धारवाड, पुणे, जिथे जिथे आपलं माणूस, तिथे तिथे तुमचा फोन जायचा, त्यांच्या घरातल्या श्राद्धाच्या आठवडाभर आधी. "शुक्रवारी तुझ्या आईची तिथी. शनिवारी नाही, शुक्रवारी." पलीकडचा म्हणायचा, कॅलेंडरात शनिवारी आहे. आणि तुम्ही खुर्चीत सरसावून बसायचात, कारण याच वाक्याची तुम्ही वाट बघत असायचात. "कॅलेंडर सकाळी उठतं रे. पितर दुपारी जेवायला येतात." कॅलेंडरवाले सूर्योदयाला जी तिथी असेल ती छापतात, श्राद्धाला दुपारची तिथी लागते, कित्येकदा दोन्हींत एका दिवसाचं अंतर पडतं, आणि त्या एका दिवसासाठी तुम्ही निवृत्तीच्या आधीपासून एक अख्खा प्रोग्राम लिहून ठेवला होता. चंद्र, सूर्य, बंगळूरचा सूर्योदय, सगळं त्यात. आणि प्रश्न विचारणारी तुमची मराठी, रोमन अक्षरांत, कारण त्या मशीनला दुसरी अक्षरं येत नव्हती.

मी म्हणायचो, अण्णा, आता फोनवर ॲप असतं. दुपारची तिथी, मध्यरात्रीची तिथी, सगळं दाखवतं. हे धूड टाकून द्या, त्या जागी अक्कांना शिवणाचं मशीन ठेवता येईल.

"ॲप निपाणीला फोन करेल काय?"

"नोटिफिकेशन पाठवेल."

"दत्तू वाचेल काय?"

मेधाचे निपाणीचे दत्तूकाका काहीच वाचत नाहीत. मग मी मोठं हत्यार काढायचो. "पण अण्णा, मुळात तुमचा यावर विश्वास आहे का? खरंच कोणी येतं जेवायला?" तुम्ही चष्मा काढून पुसायचात. "येतात की नाही ते मला माहीत नाही. माझं खातं दिवस सांगायचं. येण्याजाण्याचं खातं दुसरं." कारखान्यात तीस-एक वर्षं काढलेला माणूसच असं उत्तर देऊ शकतो. मी म्हणायचो हे उत्तर नाही. तुम्ही म्हणायचात, प्रश्न नीट विचार, मग बघू. तो वाद तसाच अर्धा आहे. मी दरवेळी थोडा नीट विचारायचो, तुम्ही दरवेळी थोडे पुढे सरकायचात. मला वाटतं आणखी दोन-चार रविवार मिळाले असते तर कुठेतरी पोचलो असतो.

तर लॅपटॉपनं नाही म्हटल्यावर मी जुन्या मशीनचं सोंग घेणारं एक सॉफ्टवेअर मिळवलं आणि तुमचा प्रोग्राम त्याच्या आत चालवला. आता वेगळीच चूक. शून्यानं भागाकार झाला म्हणे. ऑफिसातल्या एका जुन्याजाणत्या बाईंना विचारलं तर त्या हसल्या. त्या काळचे प्रोग्राम सुरू होताना मशीनचा वेग मोजून घेतात. आताचं मशीन इतक्या झटपट मोजून मोकळं होतं की हिशेबाला हातात शून्य उरतं. म्हणाल्या, फार घाई करतंय ते, हळू करा त्याला. मला तुमचा आवाज ऐकू आला: स्वल्प निधान, जावईबापू, जरा सावकाश.

वेग खाली आणला. प्रोग्राम उघडला. आणि आत एकही माणूस नव्हता.

मग आठवलं. मागे कधीतरी मी तुमच्याकडून याची प्रत मागून घेतली होती, तुम्हाला नवीन मशीनवर चालवून दाखवतो अशा फुशारकीनं. तुम्ही प्रोग्राम दिलात, पण नावं दिली नाहीत. "प्रोग्राम घेऊन जा. माणसं इथेच राहू देत." नेली ती प्रतही मी उघडली नव्हती म्हणा.

म्हणजे मूळ मशीन सुरू करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काल सकाळी तुमच्या खोलीत आलो, क्रोशाचं झाकण काढलं. अक्का स्वयंपाकघरातून बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या. बटण दाबलं. पंखा खोकला, मग आतून तीन लांब शिट्ट्या आल्या आणि पडदा काळाच राहिला. तुमच्याशिवाय पहिल्यांदाच त्या मशीनसमोर बसलो होतो, आणि शिट्ट्या ऐकून मी सवयीनं टेबलाखाली, मशीनच्या पेटीपाशी गेलो. टॉर्च धरायला कोणी नव्हतं म्हणून तोंडात धरला. मशीन बंद करून पेटी उघडली, मेमरीची पट्टी काढली, मेधाच्या जुन्या कंपासपेटीतलं खोडरबर तुम्ही जिथे ठेवायचात तिथेच होतं, ते घेतलं आणि पट्टीच्या पिवळ्या दातांवरून फिरवलं, एका दिशेनं, तुम्ही सांगितल्यासारखं. मागेपुढे घासलं की तुम्ही ओरडायचात. पट्टी बसवून बटण दाबलं. मशीन बोललं. कीबोर्ड सापडत नाही, एफ वन दाबा.

मी टेबलाखालून मान बाहेर काढून ते वाचलं आणि तिथेच बसून हसलो. बाहेरून अक्का म्हणाल्या, "काय झालं?"

"काही नाही. उत्तर द्या म्हणतंय."

आत भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मला वाटतं तो विनोद तुम्ही त्यांना कधी सांगितलेला नसावा. नसेल तर बरंच.

मागची वायर काढून परत घातल्यावर मशीननं पुढे काहीतरी विचारलं, मी एंटर मारला. आणखी काहीतरी विचारलं, आणखी एकदा मारला. तुम्ही म्हणायचात, एंटर मारणं हा तुमच्या पिढीचा नमस्कार आहे. समोर कोण आहे ते न बघता करायचा. प्रोग्राम उघडला. 'नवीन नाव' निवडलं. मग तुमचं नाव घातलं, पूर्ण, तुमच्या वडिलांच्या नावासकट. तुम्ही गेलात ती तारीख घातली.

पडद्यावर ओळ आली. तुमची मराठी, रोमन अक्षरांत: तारीख अजून यायची आहे. घाई करू नका.

मी परत घातली. तेच उत्तर. अक्का एव्हाना मागे येऊन उभ्या होत्या, हातात कॉफीचे दोन पेले. त्यांनी ती ओळ एकेक अक्षर लावत वाचली, मोठ्यानं. मग पेले टेबलावर ठेवले, जिथे ठेवायला तुम्ही त्यांना बंदी केली होती तिथेच.

"बघ," त्या म्हणाल्या. "ह्यालापण पटत नाहीय."

मला कारण कळलं होतं, अण्णा. मशीनच्या आतला घड्याळाचा सेल कधीच संपलेला आहे. बोर्डाला डाख दिलेला असल्यामुळे तो काढायला तुम्ही कोणाला हात लावू दिला नाहीत, एस. पी. रोडच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदारानं 'सार, इदन्ना म्यूझियमगे कोडी', म्यूझियमला देऊन टाका, म्हणून हात जोडले तेव्हाच तुम्ही ठरवलंत की आपणच त्याला रोज तारीख सांगायची. रोज सकाळी कॉफी आली की मशीन चालू करून पहिली तारीख, मग वेळ, मनगटावरच्या घड्याळात बघून. नाही सांगितली तर मशीन आपलं चौऱ्याण्णव सालच्या एक जानेवारीला जाऊन बसतं. मी दोनदा एंटर मारून ते प्रश्न उडवून लावले होते. आणि तुम्ही प्रोग्राममध्ये बजावून ठेवलं होतं की आजच्या पुढच्या तारखेला कोणी गेलं असं म्हणाल तर ऐकायचं नाही.

हे सगळं मी अक्कांना सांगितलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"म्हणजे त्याच्यात आत्ता चौऱ्याण्णव आहे?"

"हो. जानेवारी."

"तेव्हा हे स्कूटरवरून जायचे कारखान्यात. थंडीत कानटोपी घालून." मग पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "कोण कोण आहे बघ त्यात."

मी नावं उघडली. तुमचा प्रोग्राम तारखेला पक्का. त्याच्या आजच्या नंतर गेलेला एकही माणूस तो दाखवत नव्हता. तुमचे आईवडील होते, आजोबा होते, अक्कांचे वडील होते. अक्कांच्या आई नव्हत्या. "आई नाही यात," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू आई धारवाडला भाजी निवडत बसली आहे आणि दुपारी फोन करता येईल. दत्तूकाकांची बायको नव्हती. मी खाली खाली जात राहिलो.

माझे बाबा नव्हते.

त्यांचं नाव तुम्ही त्यात घातलं आहे हे मला माहीत होतं, अण्णा, कारण दरवर्षी सांगलीला माझ्या आईला फोन जायचा. मी तिथी विसरायचो. आई माझी नाही, तुमच्या फोनची वाट बघत बसलेली असायची. "व्याह्यांचा आला की मग खिरीचे गहू भिजवते," म्हणायची. एकदा मी ऑफिसच्या कामानं परदेशात होतो, तेव्हा त्या दिवशी तुम्ही स्वतः इथे पान वाढून ठेवलंत, मला न सांगता. मेधानं नंतर सांगितलं. मी तेव्हा काय म्हणालो? पुढच्या रविवारी आलो आणि म्हटलं, अण्णा, ॲप बघा, फुकट आहे.

मी अक्कांना म्हटलं, "तारीख घालू का बरोबर?"

"राहू दे थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "कॉफी घे आधी."

आम्ही दोघांनी चौऱ्याण्णव सालात कॉफी घेतली. पंखा घरघरत होता. बाहेर कचऱ्याच्या गाडीचं गाणं येऊन गेलं. अक्कांनी मला विचारलं की सेल बदलला तर रोज तारीख सांगावी लागणार नाही ना. मी म्हटलं, नाही लागणार. "मग नको बदलूस," त्या म्हणाल्या. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तो खाली ठेवला, पदर सारखा केला आणि पडद्याकडे तोंड केलं, आता छायाचित्र काढायचं आहे अशा.

"सांग त्याला."

मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. या वेळी वाचलं. तारीख विचारली, सांगितली. वेळ विचारली, सांगितली. नाव घातलं. तुमचा दिवस घातला. प्रोग्रामनं विचारलं: वेळ?

"जेवण झालं होतं," अक्का म्हणाल्या. "ताक प्यायले. खुर्चीत डोळा लागला. चारच्या कॉफीला उठले नाहीत." मी तीन घातले. मशीननं आपला वेळ घेतला. ते कधी घाई करत नाही. मग लिहिलं: वद्य षष्ठी. आणि पुढच्या वर्षीचा दिवस, मंगळवार.

"मंगळवार," अक्का म्हणाल्या. "मेधाला रजा टाकायला सांग. आणि त्या मुलाला सांग ग्रुपवर षष्ठी लिही म्हणून. हात पुन्हा जोडा म्हणावं."

पडद्यावर शेवटचा प्रश्न आला होता: आणखी कोणी आहे का?

मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी चष्म्यावरून तो वाचला.

"सध्या नको म्हण त्याला," त्या म्हणाल्या आणि पेले उचलून आत गेल्या.

मी 'एन' दाबलं. मग उठायला हवं होतं, पण यादी आता पूर्ण उघडली होती, बाबांसकट, आणि सगळ्यात वर, पुढच्याच आठवड्यात, दत्तूकाकांच्या बायकोचं नाव होतं. शुक्रवार. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शनिवार. तुमच्या खुर्चीत बसून निपाणीला फोन लावला.

"काका, मी सुहास, अण्णांचा जावई. काकूंची तिथी शुक्रवारी आहे."

"शनिवारी," दत्तूकाका म्हणाले. "कॅलेंडर बघूनच बोलतोय मी."

आणि अण्णा, मी खुर्चीत सरसावून बसलो. "कॅलेंडर सकाळी उठतं हो, काका. पितर दुपारी जेवायला येतात. शुक्रवारीच करा."

पलीकडे कॅलेंडर खिळ्याला परत अडकवल्याचा आवाज आला.

"मग आधी सांगायचं की," दत्तूकाका म्हणाले, "अण्णांनी काढलीय म्हणून."